बाळाला आरएसव्ही झालाय: पहिल्या सर्दीपासून खोकला जाईपर्यंत, कशानंतर काय करायचं

रात्री दोन वाजता तान्ह्या बाळाला घेऊन धावत आलेले आईवडील बहुतेकदा एकच गोष्ट सांगतात: "सकाळीच दाखवलं होतं, छाती साफ आहे म्हणाले." सकाळचं निदान चुकलेलं नसतं आणि आईवडीलही खोटं बोलत नसतात. सकाळी छाती साफच होती. या आजाराची चालच तशी आहे. ती माहीत नसल्यामुळे घरोघरी त्याच चुका होतात: दिवस मोजले जात नाहीत, श्वास मोजले जात नाहीत, आणि जे द्यायला नको ते औषध आधी दिलं जातं.

आरएसव्ही म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल एकदा तरी यातून जातं आणि बहुतेकांची साध्या सर्दीवर सुटका होते. काहींचा आजार मात्र छातीत उतरतो, त्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचा. त्याला डॉक्टर ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. तो इतर विषाणूंमुळेही होतो, पण घरी करायचं ते सारखंच असतं. त्यामुळे विषाणूचं नाव कळावं म्हणून तपासणीचा आग्रह धरू नका.

## आधी हे समजून घ्या: छातीत काय होतं

विषाणू नाकातून किंवा डोळ्यांतून शिरतो. साधारण चार ते सहा दिवसांनी नाक वाहायला लागतं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आजार श्वासनलिकेच्या अगदी टोकाच्या, बारीक फांद्यांपर्यंत पोचतो. या नळ्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी विषाणू पकडतो, शेजारच्या पेशींना एकमेकींत वितळवून त्यांचा गोळा करतो (नावातलं "सिन्सिशियल" इथूनच आलं), आणि मग त्या पेशी मरून गळून पडतात. अस्तर सुजतं, चिकट स्राव वाढतो. मेलेल्या पेशी आणि स्राव मिळून नळीत बूच बसतं.

ही नळी एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. नळीची रुंदी निम्मी झाली, की हवेला होणारा अडथळा दुप्पट होऊन थांबत नाही, तो सोळा पटींपर्यंत जातो. म्हणून ज्या सुजेने बाबांना नुसत्या शिंका येतात, तिनेच दोन महिन्यांच्या बाळाचं पोट उडायला लागतं. श्वास आत घेताना नळ्या थोड्या रुंदावतात, सोडताना आखडतात. त्यामुळे हवा आत जाते पण अडकून राहते, छाती फुगलेली दिसते आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो.

हे सगळं सांगण्याचं कारण एकच. अडथळा सूज आणि घाणीचा आहे, म्हणून दम्याची औषधं इथे फारशी चालत नाहीत. आजार विषाणूचा आहे, म्हणून अँटिबायोटिकही चालत नाही. शरीर तो स्वतः निस्तरतं. तोवर बाळाचं नाक मोकळं ठेवणं, पोटात दूध जात राहील हे पाहणं आणि ते थकायला लागलं तर वेळेत ओळखणं, एवढं काम आपलं.

## टप्पा १: तयारी, बाळ बरं असतानाच

आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत हे रुग्ण वाढतात. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर गणपतीच्या आधीच या गोष्टी एका डब्यात भरून ठेवा:

१. सलाईनचे नाकाचे थेंब
२. नाक ओढून घ्यायचा रबरी फुगा
३. थर्मामीटर
४. वही आणि पेन
५. वाटी-चमचा किंवा बोंडलं
६. पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनानुसार किती मिली द्यायचं ते डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घेतलेलं

आणखी एक चौकशी आत्ताच करा. रात्री लहान बाळाला ऑक्सिजन देता येईल असं जवळचं रुग्णालय कोणतं? आजारपणात शोधत बसलात, तर तास-दोन तास तिथेच जातात.

सावधान: थेंबांच्या बाटलीवर "सोडियम क्लोराईड ०.९ टक्के" असं लिहिलेलं पाहिजे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेल्या बंद नाक उघडणाऱ्या थेंबांच्या बाटल्या हुबेहूब तशाच दिसतात आणि नावंही मिळतीजुळती असतात. ते औषध तान्ह्या बाळाच्या अंगात भिनलं तर बाळ गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो. दुकानदाराने "हेही चालतं" म्हटलं तरी घेऊ नका.

## टप्पा २: दिवस मोजायला सुरुवात

ज्या दिवशी नाक वाहायला लागलं, तो पहिला दिवस. कॅलेंडरवर गोल करा. ताप आला तो दिवस धरू नका, ताप येईलच असं नाही.

पहिले दोन दिवस सर्दी असते, मग खोकला सुरू होतो. सगळ्यात कठीण काळ तिसऱ्या ते पाचव्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती साफ असल्याचं सांगितलं, तर ते त्या दिवसापुरतं खरं आहे. चौथ्या दिवशी तेच कागद दाखवून स्वतःची समजूत घालू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य "खूप कफ झालाय" हे नको, "आज चौथा दिवस आहे" हे हवं. त्याने त्यांचं निम्मं काम होतं.

यांनी तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, पहिल्याच दिवशी दाखवावं: तीन महिन्यांच्या आतलं बाळ, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जन्मजात आजार असलेलं, डाऊन सिंड्रोम असलेलं, स्नायू किंवा प्रतिकारशक्ती कमजोर असलेलं.

दीड-दोन महिन्यांच्या आतल्या बाळांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांना कधी कधी खोकलाही येत नाही. ती नुसती मलूल पडतात, दूध सोडतात किंवा मध्येच श्वास घ्यायचं थांबतात. "खोकला नाही, म्हणजे छातीत काही नाही" हा हिशेब या वयात धरू नका.

## टप्पा ३: श्वास मोजा

सगळ्यात जास्त टाळलं जातं ते हेच. खोकल्याच्या आवाजावरून, छातीला हात लावून जाणवणाऱ्या घरघरीवरून आजार किती आहे ते कळत नाही. नाकातल्या शेंबडाची घरघरही छातीत जाणवते. श्वासांचा आकडा मात्र बरंच काही सांगतो.

१. बाळ झोपलेलं किंवा शांत असू द्या. रडताना, पिताना मोजलेला आकडा धरायचा नाही.
२. अंगडं छातीपर्यंत वर करा. बेंबी ते बरगड्या एवढा भाग दिसला पाहिजे.
३. फोनवर एक मिनिट लावा. पोट एकदा वर आलं की एक श्वास. मिनिट पूर्ण मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळांचा श्वास एका लयीत नसतो.
४. आकडा जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. ताप असेल तर तो उतरल्यावरही एकदा मोजा.
५. वहीत वेळ घालून लिहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे श्वास जलद कधी धरायचा ते असं: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. दोनदा मोजून आकडा तेवढाच आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मणी आणि एका मिनिटाची वाळूची घटिका असलेलं श्वासमापक बनवलं होतं. मणी सरकवत त्या न्यूमोनिया ओळखायच्या. हातात फोन असलेल्या आईबाबांना हे न जमण्याचं काही कारण नाही. गावात आशाताई असतील, तर एकदा त्यांच्यासमोर मोजून दाखवा.

आकड्याबरोबर हेही बघा: बरगड्यांखाली खड्डा पडतोय का? गळ्याच्या खळगीत कातडी आत ओढली जातेय का? नाकपुड्या फुलतायत का? श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का? यातलं काहीही दिसलं, तर आकडा कमी असला तरी त्याला महत्त्व देऊ नका, निघा. काही भागांत यालाच "डबा झाला" म्हणतात.

तपासून घ्या: दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या श्वासात पाच-दहा सेकंदांचा खंड पडतो, तेवढं चालतं. खंड पंधरा सेकंदांहून लांबला, किंवा कितीही लहान असला तरी ओठ निळे पडले वा बाळ ढिलं पडलं, तर वहीत लिहीत बसू नका, १०८ लावा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत दर चार तासांनी मोजा, रात्री एकदा गजर लावून उठा. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला नीट बसत नाही आणि चुकीचे आकडे दाखवतो. त्यावर भरवसा ठेवून घरी थांबू नका.

## टप्पा ४: नाक मोकळं करा, दुधाच्या आधी

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की पिणंही थांबतं, झोपही. इथे क्रम चुकला की मेहनत वाया जाते.

१. हात साबणाने धुवा.
२. बाळाला उताणं, मान किंचित मागे अशी मांडीवर घ्या.
३. प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन-तीन थेंब.
४. एक मिनिट थांबा. हे मिनिट बहुतेक जण गाळतात. वाळलेला शेंबूड भिजायला तेवढा वेळ लागतो.
५. फुगा बाहेरच दाबा, दाबलेला ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावा, मग हळूच सोडा. आत गेल्यावर दाबलात, तर शेंबूड उलटा आत ढकलला जातो.
६. फुगा साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा.
७. मग दूध.

दूध पाजल्यावर नाक ओढलं तर बाळ सगळं उलटून टाकतं आणि घरात "दूध पचत नाही" अशी चर्चा सुरू होते. दिवसातून चार-पाच वेळा, दुधाआधी आणि झोपेआधी, एवढं फुग्याने ओढणं पुरे. सारखं केलं तर नाकाचं अस्तर सुजून नाक आणखी बंद होतं. नुसते थेंब मात्र मध्येमध्ये टाकायला हरकत नाही.

## टप्पा ५: दूध, थोडं थोडं

मिनिटाला पन्नास वेळा श्वास घेताना पिणं म्हणजे धावताना जेवण्यासारखं आहे. बाळ दोन घोट घेतं आणि तोंड काढतं, ते नखऱ्याने नाही. नेहमीच्या निम्मं पाजा, पण दुप्पट वेळा. आईचं दूध असेल तर तेच. ओढून पिणं जमत नसेल तर काढून वाटी-चमच्याने द्या. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी, ग्लुकोजचं पाणी नको. त्याने पोट भरतं, ताकद मिळत नाही.

प्रत्येक वेळी किती प्यायलं आणि शू कधी झाली, ते लिहा. लंगोट वापरत असाल तर ओले लंगोट मोजा. डायपर असेल तर हाताने वजन पाहा, नुसता रंग बघून कळत नाही.

दिवसभरात नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध गेलं, किंवा आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर त्याच दिवशी दाखवा. बारा तास शू नसेल तर थेट रुग्णालय.

सावधान: खूप धाप लागलेल्या बाळाला जबरदस्तीने चमच्याने दूध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा बाळाला रुग्णालयात नळीने दूध देतात किंवा सलाईन लावतात.

## टप्पा ६: ताप आणि रात्र

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर औषध देऊन वाट पाहायची नाही, आधी डॉक्टर.

त्याहून मोठ्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती बाटलीत. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपच्या पाच मिलीत १२० च्या आसपास. पाच किलोच्या बाळाला ५० मिलिग्रॅम द्यायचं, तर थेंबांचं अर्धा मिली आणि सिरपचं दोन मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून काढलं, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. म्हणून एक बाटली ठरवा, दुसरी घरात ठेवूच नका. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही.

झोपवताना उताणं, सपाट गादीवर. डोक्याखाली उशी नको, पालथं नको. साडीच्या झोळीत या आठवड्यात घालू नका. तिच्यात बाळ मुटकुळं होतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद झालेली वाट दुमडते. जागं असताना खांद्यावर उभं धरा, त्याने बाळाला बरं वाटतं.

## टप्पा ७: हे करू नका

ही यादी लांब आहे, कारण नुकसान इथेच होतं. बहुतेक गोष्टी मायेपोटीच केल्या जातात, त्यामुळे आजीला दुखावून थांबवू नका. कारण सांगितलं की त्या ऐकतात.

नाकात तेल सोडणं. आंघोळीच्या वेळची सवय असते. ते तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे वेगळाच न्यूमोनिया करतं.

ओवा-शेपाची धुरी, शेगडीचा धूर. मोठ्यांना धुराने मोकळं वाटत असेल, पण सुजलेल्या नळ्यांवर धूर म्हणजे जखमेवर मीठ. याच कारणाने बिडी-सिगारेट, चुलीचा धूर आणि मिश्री भाजणं हे सगळं बाळाच्या खोलीपासून दूर. ज्यांना मिश्री सुटत नाही, त्यांनी भाजायचं तरी अंगणात भाजावं.

कापूर, विक्स. दोन वर्षांच्या आत नको. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

मध. वर्षाच्या आत चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. मधात उगाळलेलं वेखंडही नको. ब्रँडीचा थेंब तर कधीच नको.

खोकल्याचं औषध. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूच नयेत, असं सांगितलं. त्याआधीच मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी रसायन मिसळलेल्या सिरपमुळे मुलं दगावली होती. त्यातली कितीतरी उपचारांसाठी नागपूरला आणली गेली होती. पण सिरप शुद्ध असलं, तरी या आजारात ते उपयोगाचं नाही. खोकला दाबला तर घाण आतच राहते.

शेजारच्या मुलाचा नेब्युलायझर. त्यातलं औषध दम्याचं असतं. डॉक्टरांनी या बाळासाठी सांगितलं असेल, तरच.

उरलेलं अँटिबायोटिक. ते कधी लागतं ते डॉक्टर ठरवतील. हिरवा शेंबूड हे त्याचं कारण होत नाही.

## टप्पा ८: निघायची वेळ

यातलं एक जरी दिसलं, तरी लगेच निघा:

- ओठ, जीभ निळी किंवा चेहरा राखाडी
- श्वासात लांब खंड
- बरगड्यांखाली खोल खड्डा, कण्हणं
- बाळ उठवून उठत नाही, रडायचंही त्राण नाही
- दूध अजिबात घेत नाही

आणि एक फसवं लक्षण. दोन दिवस धापा टाकणारं बाळ अचानक शांत झालं, श्वास मंदावला, शिटी थांबली. घरच्यांना वाटतं, उतार पडला. उतार पडलेलं बाळ दूध मागतं, नजर देतं. थकलेलं बाळ नुसतं पडून राहतं. शांत बाळ पीत नसेल तर ते दमलंय, आणि त्याला तासाभराच्या आत ऑक्सिजनपाशी न्यायला हवं.

वाटेत बाळाला घट्ट गुंडाळू नका, छाती हलताना दिसली पाहिजे. वही बरोबर घ्या. तिथे गेल्यावर नाक साफ करणं, ऑक्सिजन, दूध किंवा सलाईन, एवढेच मुख्य उपचार असतात. या आजारावर नेहमी वापरावं असं विषाणू मारणारं औषध नाही. "काहीच करत नाहीत, इंजेक्शन द्या" असा आग्रह धरू नका.

## टप्पा ९: घरी आल्यावर

पाचव्या-सहाव्या दिवसापासून श्वास आणि दूध सुधारतं. खोकला मात्र रेंगाळतो, बहुतेकांचा तीन आठवड्यांत जातो. बाळ पितंय, हसतंय आणि नुसतं खोकतंय, तर नवीन औषध शोधू नका. तीन आठवड्यांनंतरही खोकला असेल, वजन वाढत नसेल, किंवा एकदा बरं होऊन पुन्हा ताप आला, तर दाखवा. राहून गेलेली लस कधी द्यायची, तेही त्याच भेटीत विचारा.

बाळ साधारण आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस विषाणू पसरवतं. हा विषाणू कठीण पृष्ठभागावर काही तास टिकतो, पण साबणाने मरतो. घरात तो बहुतेकदा बालवाडीतून येणाऱ्या मोठ्या भावंडाबरोबर येतो. त्याने आधी हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, मग बाळाजवळ जायचं; आणि पापी पायाची घ्यायची, तोंडाची नाही. बारशाला बाळ मांडीमांडीवर फिरवू नका. एकदा झाला म्हणून हा आजार पुन्हा होत नाही असंही नाही.

गरोदरपणात आईला द्यायची आरएसव्हीची लस आणि जन्मल्यावर बाळाला द्यायचं निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडांचं इंजेक्शन, असे दोन मार्ग आता आहेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून २८व्या आठवड्यापासून पुढे गरोदर स्त्रियांना ही लस देतात. अमेरिकेत ती हंगाम पाहून ३२ ते ३६ आठवड्यांत देतात. तिथल्या मराठी मुलींनी तारीख चुकवू नये. इथल्यांनी सातव्या महिन्यातल्या तपासणीलाच डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारावं. आणि बाळंतपणासाठी पुण्याहून न्यू जर्सीला निघालेल्या आजीला विमानात सर्दी झाली, तर पहिला आठवडा तिने स्वयंपाकघर सांभाळावं. बाळ मांडीवर घ्यायचं ते तिचं नाक पूर्ण सुकल्यावर.